बसा

“अहो, बसा की वाईच. किती घाम आलाय बघा.”

ती असं म्हणाली आणि मी हातातली वही टेबलावर आपटली. हॉलमधले आठ-नऊ जवान जागच्या जागी थांबले. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची गंमत वाटायची.

“तुम्ही कोण?” मी विचारलं.

“मी शालन. ह्यांची मालकीण.”

तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. पहाटेची एसटी धरून ती सातारच्या बाजूच्या माळशिंगी नावाच्या गावाहून पुण्याला आली होती. नवऱ्याला नवा पाय लागल्यापासून ती त्याला पहिल्यांदाच बघत होती.

“शालनबाई, तुम्ही बाहेर थांबा. आमचं काम संपेपर्यंत आत यायचं नाही. आणि परत याल तेव्हा तो शब्द बाहेर ठेवून यायचं.”

“कंचा शबुद?”

“बसा.”

तिला वाटलं, मी तिलाच बसायला सांगतेय. ती बिचारी भिंतीलगतच्या बाकाकडे वळली आणि पदर सावरून टेकलीसुद्धा. सगळा हॉल हसला. मीही हसले. मग मी दाराकडे बोट दाखवलं तेव्हा तिला कळलं. तिचा नवरा, नाईक संपत इंगवले, चालायच्या सरावासाठी बसवलेल्या दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये नजर समोर ठेवून उभा होता. तो हसला नाही, पण बोललाही नाही. ती बाहेर गेली आणि अडीच तास व्हरांड्यात थांबली. मला त्याचं काहीही वाटलं नाही.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यातल्या एका लष्करी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होते. सुरुंगावर पाय पडलेले, गोळी लागलेले जवान माझ्याकडे यायचे आणि मी त्यांना लाकडी-रबरी पायावर चालायला शिकवायचे. माझं आडनाव दाबके. ते माझ्या धंद्याला शोभतं, असं जवान आपसात म्हणायचे. पाठीमागे मला सुभेदारबाई म्हणायचे, आणि ते मला माहीत होतं, आणि आवडतही होतं. मी रागीट होते. माझ्या रागानं माणसं चालायला लागतात, असा माझा पक्का समज होता.

त्या शब्दावर मात्र माझा खास राग होता. आपल्याकडे माणुसकीची सुरुवातच ‘बसा’नं होते. दारात कुणी आलं, बसा. दमलात, बसा. आजारी आहात, मग तर बसूनच राहा. पाय गेलेला माणूस गावी परतला की बघायलाच नको. बस, तू नको उठू, आम्ही आणतो. एक हवालदार माझ्याकडून चांगला चालत घरी गेला होता. वर्षानं परत आला तेव्हा त्याला दोन भावांनी उचलून आणलं. मी केलेली सगळी मेहनत त्याच्या घरच्यांनी प्रेमानं बसवून ठेवली होती. पाय कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, खुंटीला टांगलाय, धूळ बसू नये म्हणून वर कापड घातलंय. कापड घातलंय हे सांगताना त्याला माझं कौतुक अपेक्षित होतं.

त्या दिवशी मी नियम केला. हॉलमध्ये ‘बसा’ फक्त मी म्हणणार. मी म्हणेपर्यंत कुणीही बसायचं नाही, आणि मी म्हटलं की एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. जवानांना हे फार सोपं गेलं. हुकूम एका तोंडातून आला की त्यांना बरं वाटतं, विचार करावा लागत नाही. उभं राहून पाय भरून आला की ते नुसते माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली तर पुढे, ‘बसा’ म्हटलं तर खाली. बाहेरचे डॉक्टर बघायला यायचे तेव्हा मी हे त्यांना अभिमानानं दाखवायचे.

दुसरा नियम मोज्यांचा. गुडघ्याखाली उरलेला पायाचा खुंट कृत्रिम पायाच्या वाटीत बसतो. मध्ये सुती मोजे घालायचे. चालून झालं की पाय काढायचा, मोजे उतरवायचे आणि मी कातडी बघायची. लाल डाग दहा मिनिटांत गेला तर उत्तम. राहिला तर दुसऱ्या दिवशी चालणं बंद. मोज्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर सरळ सर्जनकडे. सुरुंगानं फाटलेला पाय शिवून-सांधून केलेला असतो, तिथली कातडी काही भरवशाची नसते. हे बघितल्याशिवाय मी कुणाला खोलीवर जाऊ दिलं नाही. चहा गार झाला, जेवणाची घंटा झाली, तरी नाही.

संपतला घाई होती, आणि तिचं कारण सगळ्या हॉलला पाठ होतं. मेडिकल बोर्डानं त्याला फौजेतून घरी पाठवायचं ठरवलं होतं. गावच्या हायस्कूलमध्ये शिपायाची एक जागा रिकामी होत होती. हेडमास्तर पिसाळ सर त्याचे जुने शिक्षक. त्यांनी कळवलं होतं की जागा संपतला मिळावी असं मला वाटतं, पण संस्थेच्या लोकांना शंका आहे. शिपायाला दिवसभर उभं राहावं लागतं, हजेरीचे पट घेऊन माडीवर जावं लागतं. एका पायाच्या माणसाला कसं जमणार?

संपतनं शालनला शाळेच्या पायऱ्या मोजून यायला सांगितलं. बावीस निघाल्या. इस्पितळाच्या जिन्याला अठरा होत्या, म्हणून तो रोज अठरा चढून वर चार पावलं जागच्या जागी टाकायचा. “बावीस,” असं मोठ्यानं म्हणायचा आणि उतरायचा. पोरं चिडवायची, इंगवले आता झोपेतसुद्धा शाळेची घंटा वाजवेल. तो म्हणायचा, “वाजवीन की. पण उभा राहून वाजवीन. गावात बसून ऱ्हायला मी म्हातारा न्हाय झालो.”

सात महिन्यांत तो असा चालू लागला की मागून बघणाऱ्याला कळायचं नाही. एप्रिलमध्ये तो घरी गेला आणि पंधरा दिवसांत त्याचं पत्र आलं. एक मेला शाळेत झेंडावंदन आणि त्याचा सत्कार होता. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब येणार होते, त्याच वेळी जागेचं ठरणार होतं. तुम्ही आलात तर मला उभं राहणं सोपं जाईल, असं त्यानं लिहिलं होतं. मी रजा टाकली आणि गेले.

माळशिंगीला पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते आणि ऊन आत्ताच पाठीवर चढलं होतं. पिसाळ सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत नेलं. संपत इस्त्रीच्या कपड्यांत, छातीवर पदकं लावून उभा होता. मी दार लावून घेतलं, त्याचा पाय काढून बघितला. दोन मोजे, कातडी स्वच्छ.

“किती वेळ उभं राहायचंय?”

“अर्धा तास म्हणालेत.”

“अर्धा तास काहीच नाही. मी समोर बसते. माझ्याकडे बघत राहा. मी सांगितल्याशिवाय बसायचं नाही.”

“जी मॅडम.”

बाहेर आले आणि स्टेज बघितलं. मांडवाखाली सात खुर्च्या मांडल्या होत्या, मधलीवर पांढरा टॉवेल. आठवी होती चाकाची खुर्ची. कोरी करकरीत, हातांवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं, आणि भोवती लाल फीत. पाठीवर रंगानं लिहिलं होतं : अण्णासाहेबांकडून सस्नेह भेट.

मी पिसाळ सरांना विचारलं, हे काय आहे? ते बिचारे आधीच घामाघूम झाले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“मॅडम, जरा समजून घ्या. संपतला खुर्चीत बसवायचं, अण्णासाहेबांनी मागून धरायचं, फोटो काढायचा. फोटो झाला की साहेब खूश. मग जागेचं लगेच जाहीर करतील.”

“बसलेल्या माणसाला शिपायाची जागा देणार?”

“ते आपण नंतर बघू ना.”

“त्याला चालता येतं, सर.”

“येतं हो. पण खुर्ची आणून झालीय.”

माझं डोकं फिरलं. सात महिने मी त्या माणसाला उभा करत होते आणि यांनी एका फोटोसाठी त्याला बसवायचं ठरवलं होतं. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. अण्णासाहेबांना कधीही पाहिलं नसताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायला सुरुवात केली होती.

झेंडावंदन झालं आणि लगेच संपतला स्टेजवर नेऊन हार घातला, म्हणजे लोकांना तो दिसावा. अण्णासाहेब दहाला येणार होते, ते अकरा चाळीसला आले. तोवर स्टेजवर एकेक पाहुणा चढत होता आणि प्रत्येक जण संपतकडे वळून चाकाच्या खुर्चीकडे हात करत होता. बसा संपतराव. बसा की. अहो बसा, लाजू नका. तो म्हणायचा, असू द्या. बाकीच्या सात खुर्च्या पाहुण्यांच्या होत्या, त्याला बसायला दुसरी नव्हती. बसायचं तर त्याच खुर्चीत, नाहीतर उभं. तो उभा राहिला.

लोकांना वाटतं चालणं अवघड आणि उभं राहणं सोपं. लाकडी पायावर उलट असतं. चालताना खुंट वाटीत हलतो, रक्त फिरतं. नुसतं उभं राहिलं की सगळा भार एकाच जागी पडतो आणि घामानं मोजा भिजला की कातडी सोलत जाते. हे त्या मांडवात माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

अण्णासाहेब आले, माईकवर बोलायच्या आधी त्यांनीही संपतच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बसा, संपतराव. ही तुमचीच आहे.”

संपतनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

तो म्हणाला, “उभा बरा हाय, साहेब.”

मागे बायकांत कुणीतरी टाळी वाजवली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. अण्णासाहेब किंचित हिरमुसले, पण मुरलेला माणूस. हसून भाषणाला लागले. देश, शाळा, संस्थेची नवी इमारत, पाण्याची टाकी. अर्ध्या तासानं संपतनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी मूठ वळून दाखवली. टिकून राहा. त्यानं नजर समोर नेली.

मग अण्णासाहेब मुद्द्यावर आले. त्यांचा आवाज ओला झाला. ते म्हणाले, या बिचाऱ्यानं देशासाठी पाय दिला. आता गावाचं कर्तव्य आहे. हा आमचा संपत या खुर्चीत आयुष्यभर निवांत बसेल आणि गाव त्याला काहीही कमी पडू देणार नाही. टाळ्या पडल्या. वाईट माणूस नव्हता तो. ते सगळं त्याला मनापासून वाटत होतं आणि त्यामुळेच मला तो जास्त असह्य झाला.

मी उठले. स्टेजच्या पायऱ्या चढले आणि त्यांच्यासमोरचा माईक ओढून घेतला. पिसाळ सरांनी डोळे मिटून घेतल्याचं मला आठवतं.

“हा माणूस बिचारा नाही,” मी म्हणाले. “तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, पण त्यानं तुमच्याकडे काम मागितलंय. बसवून ठेवायचं असेल तर तुमच्या घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाला बसवा. याला चालता येतं. इंगवले, चालून दाखवा.”

संपत एक क्षण तसाच उभा राहिला. मग चालायला लागला. स्टेजच्या चार पायऱ्या उतरला, झेंड्याच्या खांबाला वळसा घातला आणि परत आला.

पण माझं समाधान होईना. “आता जिना,” मी म्हणाले.

सगळं गाव त्याच्यामागे निघालं. मी जिन्याच्या तळाशी उभी राहून मोजत होते, पोरंही माझ्याबरोबर मोजत होती. बावीसचा असा गजर झाला की वरची कबुतरं उडाली. तो उतरला, व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यापाशी गेला आणि लोखंडी दांडक्यानं त्यानं घंटा वाजवली. अण्णासाहेबही टाळ्या वाजवत होते. मुरलेल्या माणसाला वारं कळतं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की शाळा उघडली की संपतरावांनी कामावर रुजू व्हावं.

मी जिंकले होते. गर्दीतून वाट काढत संपत माझ्यापर्यंत आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण त्याच्या तोंडाला गुलाल लागला होता आणि मला तेवढाच दिसला.

“मॅडम, जरा आत…” तो म्हणाला.

“आता काय आत? आता पेढे खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत ते तुम्हाला,” मी म्हणाले. दोनची एसटी होती. अण्णासाहेबांच्या पंगतीला बसायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. पिसाळ सर जेवायचा आग्रह करत होते, त्यांना मी ताडताड बोलले आणि निघाले. पुण्यापर्यंत खिडकीशी बसून मी ते सगळं भाषण पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते आणि दर वेळी त्यात आणखी एखादं वाक्य सुचत होतं.

बाराव्या दिवशी संपतला अॅम्ब्युलन्समधून आणलं. ताप एकशे चार. खुंट सुजून काळानिळा झाला होता. आतल्या हाडापर्यंत पू गेला होता. सर्जन माझ्याशी फार बोलले नाहीत. गुडघा वाचणार नाही, एवढंच म्हणाले. ज्याचा गुडघा शाबूत आहे तो माणूस शेतातसुद्धा चालतो. गुडघा गेला की सगळं नव्यानं शिकायचं, आणि जिना जन्मभर अवघड. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शालन ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभी होती. व्हरांड्यात अण्णासाहेबांची खुर्ची होती. त्यातूनच त्याला अॅम्ब्युलन्सपर्यंत आणलं होतं. प्लॅस्टिक आता निघालं होतं.

मी चिडलेच. भीती वाटली की मला रागच यायचा. मी तिला म्हणाले, मोजा रोज बघायला सांगितलं होतं ना? रक्त दिसल्याबरोबर फोन का नाही केला? बारा दिवस काय करत होता तुम्ही लोक?

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात बोलली. त्या आवाजाला मी आजही घाबरते.

“त्याच दिशी दिसलं. मोजा पिळला तर रगत गळलं. म्या म्हनले, मॅडमना फोन लावू. तर ह्ये म्हनले, नको, त्या चिडतील. त्यास्नी वाटंल, एवढ्यात बसला. चार दिस दम धर, आपसूक भरंल.”

“तीन डाव बघितलं त्यांनी तुमच्याकडं. म्या बायकांत बसले व्हते, म्या मोजलं. पैल्या डावाला तुमी मुंडी हलवली. दुसऱ्या डावाला मूठ दावली. तिसऱ्या डावाला तुमी बघितलंच न्हाय. तुमी त्या अण्णासाहेबाकडं बघत व्हता.”

तिसऱ्या वेळेचं मला आठवतच नव्हतं. तिनं सांगितल्यावर आठवलं. कुणीतरी माझ्याकडे बघतंय हे मला तेव्हा जाणवलं होतं, पण मी माईकवर काय बोलायचं ते जुळवत होते.

“त्यास्नी वाटलं, तुमी सांगाल. तुमी सांगितल्याबिगार बसायचं न्हाय, असं तुमीच म्हनला व्हता न्हवं? माझ्या तोंडावर आलं व्हतं बसा म्हनून. तिथनंच वरडनार व्हते. पन तुमी मला पैल्याच दिशी भाईर काढलं व्हतं, त्यापायी गप ऱ्हायले.”

एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिथून निघून आले. हॉलमध्ये गेले, दार लावलं आणि पहिल्यांदा मला माझा राग नीट दिसला. अण्णासाहेबांना फोटो पाहिजे होता. मला काय पाहिजे होतं? त्यांनी त्याला बसवून दाखवला असता, मी चालवून दाखवला. खुर्ची कुणाची आणि पाय कुणाचा, यावर आम्ही दोघं भांडलो आणि ज्याचा पाय होता त्याला दोघांनीही विचारलं नाही. ‘जरा आत’ एवढे दोन शब्द तो बोलला होता. पाय काढून बघायला पाच मिनिटं लागतात. सात महिने एक दिवस न चुकवलेलं काम मी त्या दिवशी चुकवलं, कारण मला तोऱ्यात निघून जायचं होतं.

गुडघा गेला. संपतनं वॉर्डात माझ्याकडे पाठ फिरवली ती तीन आठवडे फिरवलेलीच ठेवली. मी जायचे, पट्टी बघायचे, तो भिंतीकडे बघायचा. त्याला माझा राग आला होता, आणि तो राग योग्य होता, म्हणून मी रोज जात राहिले. जूनमध्ये शाळा उघडली. पिसाळ सरांनी जुलैअखेरपर्यंत जागा अडवून धरली, मग संस्थेनं दुसरा माणूस घेतला. ती बातमी त्याला कुणी सांगायची यावर वॉर्डात कुजबुज चालली होती. शालननं सरळ सांगून टाकली. तो म्हणाला, “बरं.”

सप्टेंबरमध्ये त्याला नवा पाय लागला, मांडीपासूनचा, लोखंडी गुडघ्याचा. ज्या दिवशी तो पहिल्यांदा दांड्यांमध्ये उभा राहणार होता त्या दिवशी मी व्हरांड्यात गेले आणि शालनला म्हणाले, आत चला. तिला खरं वाटेना. मग ती आली आणि दाराशी, अण्णासाहेबांच्या खुर्चीला धरून उभी राहिली.

संपत दांड्या धरून उठला. एक मिनिट झालं असेल-नसेल, त्याच्या कपाळावर घाम दिसला आणि मी घाईघाईनं म्हणाले, “बसा.”

तो बसला नाही.

“इंगवले, बसा.”

“थांबा मॅडम.”

“मी सांगतेय ना, बसा.”

“तुमी आता सांगू नका.” त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. दांडीवरच्या स्वतःच्या बोटांकडे बघत होता. “पाय माझा हाय. दुखतंय किती ते मला कळतंय. कवा बसायचं ते मी ठरवनार.”

माझ्या हॉलमध्ये असं कुणी कधी बोललं नव्हतं. सवयीनं मला राग आला, अगदी कानापर्यंत आला, आणि वहीही हातात होती. मी ती टेबलावर ठेवली.

तो उभा राहिला. किती वेळ ते मी मोजलं नाही. एकदा त्यानं उजवा हात सोडून बघितला, पुन्हा धरला. मग मान वळवून शालनला म्हणाला, “आण गं ती.” तिनं खुर्ची मागे आणली. त्यानं हातानं चाचपून खुर्चीचा हात धरला आणि सावकाश बसला. लगेच पाय काढून त्यानं मोजे उतरवले, खुंट दिव्याकडे धरला आणि स्वतः बघितला. लाल डाग होता. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. दहा मिनिटं तो, ती आणि मी त्या डागाकडे बघत राहिलो. डाग गेला.

माळशिंगीत आता त्याची पिठाची गिरणी आहे. उभं राहायचं तेव्हा उभा राहतो, बसायचं तेव्हा बसतो. दिवाळीला भाजणी पाठवतो. पण मला त्याचं आठवतं ते त्या दिवसाचं. डाग गेल्यावर त्यानं मोजा पुन्हा चढवला आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी तशीच समोर उभी होते. माझ्या पायांत गोळे आले होते, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुमी बी बसा. सकाळपासनं उभ्या हायसा.”

शालननं भिंतीजवळचा बाक माझ्याकडे सरकवला. पहिल्या दिवशी ती टेकली होती तोच.

मी बसले.